पडण्याआधीची पावलं



स्मृतिव्याख्यानाला डॉक्टर येणार म्हटलं की हृदयविकार, मधुमेह किंवा कर्करोग असा काहीतरी वजनदार विषय असेल, असं लोक धरून चालतात. मी 'म्हातारपणातलं पडणं' असा विषय कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एकाने फोनवर जरा अडखळत विचारलं, 'सर, नुसतं पडणं?' होय, नुसतं पडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार होती आणि महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण तेव्हा जवळपास १० टक्के होतं. तोच हिशेब लावला तर आपल्या सोळा तालुक्यांत त्या वर्षीच पावणेतीन लाखांच्या आसपास ज्येष्ठ होते. त्यानंतर आयुष्य वाढलं, तरुण पोरं पुण्याला-नागपूरला गेली, आणि आज कितीतरी घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच उरली आहेत.

मी हाडांचा डॉक्टर. त्यामुळे या गोष्टीचा शेवटचा अंक तेवढा माझ्यासमोर येतो. खुब्याचं हाड मोडलेली आजी बाजेसकट उचलून आणलेली असते. अशा माणसाची शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून त्याला लवकरात लवकर उभं करायचं, ही जगभर मान्य झालेली रीत. आपल्याकडे आधी हाडवैद्याचा लेप होतो. मग चार दिवस वाट पाहणं, मग तालुक्याला एक्स-रे. त्यानंतर उमरखेडचा माणूस नांदेडकडे वळतो, वणीचा चंद्रपूर-नागपूरकडे आणि बरेचसे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येतात. तोवर पाठीला जखमा झालेल्या असतात, छातीत कफ भरलेला असतो. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला जातो. न्हाणीतला शेवाळलेला दगड कुठल्याच कागदावर येत नाही.

नोंद न होण्याला म्हातारी माणसंही हातभार लावतात. पहिल्यांदा पडलेला माणूस दवाखान्यात तर येत नाहीच, पण घरातही सांगत नाही. 'पडलो नाही जी, बसलो खाली,' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता 'पडलात का' असं विचारणंच सोडून दिलं. 'अलीकडे असं किती वेळा बसलात?' असं विचारतो, मग आकडा बाहेर येतो. त्यांची बाजूही खोटी नाही. पडलो म्हटलं की मुलगा वावरात जाणं बंद करतो, सून रात्री अंगणात एकटं जाऊ देत नाही, आणि दवाखान्याचा खर्च तुरीच्या पैशांतून निघायचा असतो. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते, हे आम्हा डॉक्टरांना पक्कं ठाऊक आहे. पण ते पहिलं पडणंच आमच्या कानावर येत नाही. पडणं टिपणाऱ्या सेन्सरविषयीचं माझं कुतूहल इथून सुरू झालं, कारण यंत्राला लपवण्याचं काही कारण नसतं.

हे यंत्र करतं काय, ते आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या प्रत्येकाच्या खिशातल्या स्मार्टफोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप आहे. तिच्या आत सिलिकॉनचा अतिसूक्ष्म भाग तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की तो सरकतो आणि किती सरकला ते विजेच्या बदलातून मोजलं जातं. बहुतेक फोनमध्ये शेजारी गायरोस्कोपही असतो, तो वळणं आणि कलणं मोजतो. माणूस पडतो तेव्हा या आकड्यांत तीन गोष्टी लागोपाठ दिसतात. क्षणभर वजन नाहीसं झाल्यासारखं होतं, मग आदळल्याचा जोरदार धक्का येतो आणि मग हालचाल थांबते. अ‍ॅपलने २०१८ साली मनगटी घड्याळात ही सोय आणली. आदळल्यानंतर साधारण मिनिटभर माणूस हलला नाही, तर घड्याळ आपणहून मदतीसाठी फोन लावतं.

हे सगळं पडल्यानंतरचं झालं. तरी त्याचं मोल कमी मानू नका. ब्रिटनमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पडल्यावर तासाहून अधिक वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी निम्मे लोक सहा महिन्यांत गेले होते. पण मदतीचं बटण गळ्यात असलं म्हणजे ते दाबलं जातंच, असं समजू नये. केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदीपुढच्या लोकांचा मागोवा घेतला आणि २००८ मध्ये तो छापला. अलार्म असूनही, एकटं असताना पडलेल्या आणि उठू न शकलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी तो वापरलाच नव्हता. कुणाला त्रास द्यायचा नव्हता, कुणी तो खुंटीला टांगून ठेवला होता. 'बसलो खाली' म्हणणारे फक्त आपल्याकडेच आहेत असं नाही.

बटण दाबावं लागू नये म्हणून यंत्राला पडणं ओळखायला शिकवतात. त्यासाठी पडण्याचे नमुने लागतात, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला काही प्रयोगशाळेत पाडून बघता येत नाही. मग तरुण मुलं गादीवर पडून दाखवतात. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियामधल्या अँटिओकिया विद्यापीठाने २०१७ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला 'सिसफॉल' हा नोंदसंच संशोधकांच्या फार वापरातला आहे. त्यात २३ तरुण पडतात. ज्येष्ठ मंडळी त्यात नुसती चालतात, उठतात, बसतात. पडून दाखवणारे ज्येष्ठ एकच, तेही साठ वर्षांचे.

खरी म्हातारी माणसं खरोखर कशी पडतात, हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कॅमेऱ्यांतून पाहिलं गेलं. दोन वृद्धनिवासांच्या सामायिक जागांत कॅमेरे लावले होते. १३० जणांच्या २२७ पडण्यांचं चित्रण त्यांतून मिळालं आणि २०१३ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये आलं. माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा असा हा लेख आहे. ठेच लागून किंवा अडखळून पडलेले त्यात फक्त २१ टक्के निघाले. सगळ्यांत मोठा गट, ४१ टक्के, शरीराचा भार चुकीच्या बाजूला टाकल्यामुळे पडलेल्यांचा होता. उठताना, वळताना, खुर्चीत बसताना, किंवा नुसतं उभं असताना माणसाचा झोक गेला होता. आम्ही मात्र 'घसरली असेल' असं केसपेपरवर लिहून मोकळे होतो.

आणि ही सगळी माणसं खुर्चीत बसणारी, पलंगावर झोपणारी. आपली आजी चुलीपुढे उकिडवी बसते, जमिनीवर मांडी घालून गहू निवडते, एक हात गुडघ्यावर आणि एक भिंतीला लावून उठते, थकली की बाजेवर अंग टाकून देते. खुर्चीच्या देशात शिकून आलेल्या यंत्राला तिचं धपकन खाली बसणं हे पडणं वाटू शकतं. भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली येणं, जे खरं पडणं आहे, ते त्याला बसण्यासारखं वाटू शकतं. दोन-चार खोटे गजर झाले की घड्याळ कपाटात जातं. न्हाणीत तर ते तसंही काढूनच ठेवलेलं असतं. कॅमेरा तिथे लावता येत नाही आणि लावूही नये. म्हणून आता भिंतीवर बसवायचे रडार आले आहेत. ते रेडिओलहरींवरून माणूस उभा आहे की आडवा ते ओळखतात, चित्र काढत नाहीत, अंधारातही चालतात. कल्पना चांगली आहे. पण टिनाच्या छपराखाली, पत्र्याच्या दाराआड, जिथे लहरी धातूवरून सैरावैरा परततात, तिथे त्यांची परीक्षा व्हायची आहे.

मला जास्त रस आहे तो पडण्याच्या आधीच्या दिवसांत. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठ असलेल्या कोलंबिया शहरात टायगरप्लेस नावाचं ज्येष्ठांचं निवासस्थान २००४ मध्ये उभं राहिलं. मेरिलिन रँट्झ या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका आणि मार्जोरी स्क्युबिक या अभियंत्या, या दोघींनी तिथल्या घरांत अंतर मोजणारे सेन्सर बसवले. व्हिडिओ गेमसाठी बाजारात आलेलं ते उपकरण! माणसाचा चेहरा त्यात दिसत नाही, नुसता आकार दिसतो, पण तो रोज किती वेगाने चालला आणि पाऊल किती लांब पडलं हे कळतं. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ज्याचा चालण्याचा वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरने घटला, तो पुढच्या तीन आठवड्यांत पडण्याची शक्यता ८६ टक्के होती. सेकंदाला पाच सेंटिमीटर म्हणजे करंगळीएवढं अंतर. शेजारी बसलेल्या मुलाला ते कसं दिसावं?

दिसत नाही, कारण तो रोज बघतो. पण आपण चाल बघायला शिकलेलो नाही, असंही मला वाटत नाही. बैलबाजारात गिऱ्हाईक दात मोजतं, शिंगं बघतं आणि मग म्हणतं, 'चालवून दाखवा.' दहा पावलांत त्याला कळतं की मागच्या डाव्या पायात काहीतरी आहे. घरचा बैल जरा पाय उचलून टाकायला लागला की त्याच दिवशी डॉक्टर बोलावला जातो. तीच नजर घरात आईच्या पावलांवर पडत नाही, कारण म्हातारपणी माणूस हळू चालणारच, अशी आपली समजूत आहे.

हळू चालणं हा त्यातला एक भाग झाला. बोस्टनमधल्या हॉसडॉर्फ यांच्या गटाने २००१ मध्ये ५२ ज्येष्ठांच्या पावलांमधला वेळ मोजला आणि वर्षभर वाट पाहिली. जे पुढे पडले, त्यांच्या पावलांमधला अनियमितपणा न पडलेल्यांच्या दुपटीहून जास्त होता. एक पाऊल लवकर, एक उशिरा, असं ताल सुटल्यासारखं चालणं. हे डोळ्यांना दिसत नाही. इथे सेन्सरची बरोबरी कुणी करू शकत नाही.

त्याहून साधं काम स्वीडनमध्ये झालं होतं, १९९७ साली. परीक्षक ज्येष्ठांबरोबर चालत आणि चालता चालता गप्पा सुरू करत. एकूण ५८ जणांपैकी १२ जण बोलण्यासाठी थांबले, कारण चालणं आणि बोलणं एकदम जमेना. त्या बारांपैकी दहा जण सहा महिन्यांत पडले. यात ना चिप होती, ना बॅटरी. आपल्याकडे मात्र ही परीक्षा जरा जपूनच घ्यावी लागेल. आपल्या गावात ज्येष्ठ माणूस रामराम घालायलाही थांबतो, आणि न थांबला तर लोक त्यालाच नावं ठेवतात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो, कारण इथे एक गोष्ट अशी आहे जी मिसुरी-बोस्टनच्या यंत्रांना माहीत असण्याचं कारण नाही. पांढरकवडा भागातल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे भूवैज्ञानिकांनी 'करंट सायन्स'मध्ये २००७ सालीच मांडलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालतं. त्याहून जास्त फ्लोराइडचं बोअरचं पाणी वीस-तीस वर्षं पोटात गेलं, की दात डागाळतात आणि हाडं बदलतात. एक्स-रेवर हाड पांढरंशुभ्र, भरीव दिसतं, पण असतं ठिसूळ. पाठीचा कणा ताठ होतो, मान वळत नाही, गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत. अशा माणसाचा झोक गेला तर तो सावरायला लागणारं वळणंच त्याच्या अंगात उरलेलं नसतं.

अशा गावात परदेशी मोजपट्टी लावली तर काय होईल? निम्मं गाव 'धोक्यात' निघेल. सगळेच हळू चालतात, पंचेचाळिशीतलेही. जगाच्या सरासरीशी तुलना करणारं यंत्र इथे दिवसभर वाजत राहील आणि कुणाचंच भलं करणार नाही. इथल्या माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या गेल्या महिन्यातल्या चालीशी व्हायला हवी. टायगरप्लेसमध्येही नेमकं तेच केलं होतं. तिथला इशारा कमी वेगाचा नव्हता, घटलेल्या वेगाचा होता. भविष्य वर्तवणाऱ्या यंत्रांचं मला जे पटतं ते एवढंच. दुसऱ्याशी तुलना करणाऱ्या यंत्रावर मी पैसे घालणार नाही, स्वतःशी करणाऱ्यावर घालीन.

बरं, इशारा मिळाला. पुढे काय? अमेरिकेतल्या एका रुग्णालयात सोळा विभागांमध्ये खाटांना गजर लावण्याचा प्रयोग झाला, २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. गजरांचा वापर भरपूर वाढला. पडणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. तिथे नर्स हाकेच्या अंतरावर होती, तरीही. आपल्याकडे झरी-जामणीच्या एखाद्या वस्तीवर लाईन गेलेली, टॉवरची रेंज डोंगरापलीकडे, आणि इशारा पोचतो पुण्यातल्या मुलाच्या फोनवर. तो १०८ ला फोन करील, शेजाऱ्याला करील. शेजारी धावतही येईल. पण ती झाली पडल्यानंतरची धावपळ. पडण्याआधीचा इशारा मिळाल्यावर मुलाने काय करायचं, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं सिद्ध झालेलं आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात कॅम्पबेल आणि रॉबर्टसन यांनी घरच्या घरी करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम बसवले. त्यांच्या चार चाचण्या एकत्र पाहिल्या तर पडणं सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका रेषेत चालणं, असे हे व्यायाम. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या बायकांच्या पहिल्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केली, तर त्यांच्या पडण्याचं प्रमाण वाट पाहणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी झालं. ही शस्त्रक्रिया आपल्याकडे सरकारी रुग्णालयात मोफत होते. तरी 'कापूस निघाला की करू', 'लग्न झालं की करू' असं म्हणत ती दोन-दोन वर्षं मागे पडते.

गोळ्यांकडेही बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत चढतो. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या हिवाळ्यात होत्या तेवढ्याच चालू असतात. पहाटे लघवीला उठलेल्या माणसाला घेरी येते ती त्यामुळेही. झोपेची गोळी असेल तर विचारूच नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, पण उन्हाळा लागला की एकदा विचारायला जरूर जा.

२०२४ पासून राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. पासष्टीपुढच्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठाच्या खात्यात ३ हजार रुपये येतात. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी ते आहेत. काठी घेतलीत तर ती मापाची घ्या. हात सैल सोडून सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. दहातले आठ जण ती त्याच बाजूला धरतात, असं मला नेहमी वाटतं. घरकुलाबरोबर संडास झाले हे फार चांगलं झालं. पण बहुतेकांत उकिडवं बसून उठताना धरायला काही नाही, आणि दाराशी उंच पायरी आहे. भिंतीत घट्ट बसवलेला एक लोखंडी दांडा गावचा वेल्डर दोन तासांत लावून देईल.

मग सेन्सर नकोच का? मला तो हवा आहे. पण पुण्या-मुंबईतल्या श्रीमंत मुलाने आईच्या मनगटावर बांधायचं घड्याळ म्हणून नको. यवतमाळमध्ये वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. शहरात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे. दरवर्षी शेकडो मुलं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करतात, आणि त्यातले किती प्रकल्प पुढच्या वर्षी धूळ खातात ते प्राध्यापक मंडळींना ठाऊक आहे. स्वस्त अ‍ॅक्सेलरोमीटर कमरेच्या पट्ट्यात बसवून आपल्या गावांतल्या ज्येष्ठांची चाल या मुलांनी का नोंदवू नये? जमिनीवरून उठणं, चुलीपुढे बसणं, बैलगाडीच्या चाकोरीतून चालणं, फ्लोराइडच्या गावातली चाल आणि शेजारच्याच, नदीचं पाणी पिणाऱ्या गावातली चाल. असा नोंदसंच झाला, तर तो अँटिओकियातल्या किंवा मिसुरीतल्या संशोधकांनाही मागून घ्यावा लागेल. मात्र चालणाऱ्याची समजून-उमजून संमती हवी, त्याच्या नोंदी कंपनीला विकल्या जाणार नाहीत अशी लेखी हमी हवी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आपल्या देशात झाला आहे. म्हाताऱ्या माणसाची सही घेणं फार सोपं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तोपर्यंतची सोय आपल्या दारातच आहे. एक खुर्ची, तीन मीटर सुतळी आणि फोनमधलं घड्याळ. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ही 'उठा आणि चाला' चाचणी १९९१ पासून जगभर वापरात आहे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर डॉक्टरला दाखवावं, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं सांगणं आहे. एकट्या या आकड्यावरून कोण पडणार हे खात्रीने सांगता येत नाही, हेही नंतरच्या अभ्यासांतून कळलं आहे. म्हणून मी म्हणतो, भिंतीवर तारीख आणि सेकंद लिहून ठेवा आणि दर महिन्याला बघा. आकडा वाढत चालला, तर डोळे, गोळ्या आणि पायांची ताकद, या तिन्हींची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

शेवटी एक विनंती. आशाताई घरोघर जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आधीपासून आहे. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? उत्तर 'होय' आलं की त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवायचं असतं. पुष्कळ घरांत हा प्रश्न आजीला विचारला जातो आणि उत्तर सून किंवा मुलगा देतो, 'नाही, बरी आहे ती.' पुढच्या वेळी आशाताई आल्या की तुम्ही गप्प बसा, आणि उत्तर आजीला देऊ द्या.